खिशातला फिल्म कॅमेरा निवडताना

खिशात मावणाऱ्या ऑटोमॅटिक फिल्म कॅमेऱ्यात फोटो काढणाऱ्याला दोनच कामं असतात: रोखायचं आणि बटण दाबायचं. समोरचा माणूस किती लांब आहे, प्रकाश किती आहे, फ्लॅश हवा की नको, आत कुठला रोल घातलाय, हे सगळं कॅमेरा स्वतः ठरवतो आणि ठरवताना तुम्हाला विचारत नाही. त्यामुळे ‘कुठलं मॉडेल घेऊ?’ हे विचारण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकलेली बरी: यातले कुठले निर्णय तुम्ही त्याच्यावर बिनधास्त सोडाल आणि कुठला निर्णय गरज पडेल तेव्हा स्वतःच्या हातात हवा? एवढं नक्की झालं की निम्मी यादी आपोआप गळते.

ही कामं कॅमेऱ्याकडे एकेक करत गेली. १९६७ साली आलेला ऑलिंपस ट्रिप ३५ प्रकाश स्वतः मोजायचा, पण अंतर तुम्हाला अंदाजाने लावावं लागायचं. आपोआप फोकस करणारा बाजारातला पहिला कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, १९७७ साली आला. १९७९ मध्ये कॅननने एएफ३५एम काढला. १९८३ पासून रोलच्या डबीवर डीएक्स कोड येऊ लागला, म्हणजे फिल्मचा वेगही (ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते) कॅमेऱ्याला कळू लागला. १९८६ चा पेंटॅक्स झूम-७० हा झूम लेन्स असलेला पहिला कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशातला कॅमेरा. पुढच्या वीसेक वर्षांत असे कॅमेरे अफाट संख्येने विकले गेले आणि आज सेकंडहँड बाजारात जे दिसतात ते बहुतेक याच काळातले. त्यातले वयाने सगळ्यात लहान कॅमेरेसुद्धा वीस वर्षांचे झाले आहेत. ही गोष्ट डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी फोकस. फोटो वाया जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच.

बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या तोंडावर दोन छोट्या खिडक्या असतात. बटण दाबायला लागलं की एका खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि दुसऱ्या खिडकीमागचा सेन्सर तो कुठल्या कोनात परतला ते पाहतो. वस्तू जवळ असेल तर कोन मोठा, लांब असेल तर लहान. त्यावरून अंतर निघतं. किरण कॅमेऱ्याचा स्वतःचा असल्यामुळे ही पद्धत मिट्ट काळोखातही चालते. अडचण वेगळीच आहे. जुन्या कॅमेऱ्यांत हा किरण चौकटीच्या बरोब्बर मधोमध जातो. दोघं जण शेजारी उभे असले की तो दोघांच्या मधून निसटतो, मागच्या भिंतीवर पोचतो आणि भिंत सुरेख फोकसमध्ये येते. काचेच्या खिडकीतून बाहेरचा डोंगर टिपायला गेलात तर किरण काचेवरूनच मागे फिरू शकतो.

या दोन्हींवर उपाय आहेत, पण ते कॅमेऱ्यात असायला हवेत. पहिला म्हणजे फोकस धरून ठेवण्याची सोय: एका माणसाला मधोमध घ्यायचं, बटण अर्धं दाबायचं, बोट तसंच ठेवून चौकट हवी तशी सरकवायची आणि मग पूर्ण दाबायचं. दुसरा म्हणजे डोंगराच्या चित्राचं बटण, जे फोकस थेट अनंतावर नेऊन ठेवतं. कॅमेरा हातात घ्याल तेव्हा बटण अर्धं दाबून बघा. व्ह्यूफाइंडरशेजारी (ज्या खिडकीतून बघून रोखता तिच्याशेजारी) हिरवा दिवा लागून बोट उचलेपर्यंत तसाच राहिला, तर बहुधा फोकस धरून ठेवला जातोय. ही सोय नसलेल्या कॅमेऱ्यावर मी पैसे घालणार नाही, मग त्याचं नाव कितीही गाजलेलं असो.

जवळच्या अंतराची मर्यादाही विचारून घ्या. निकॉन एल३५एएफ ८० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, तर ऑलिंपस म्यू-२ आणि याशिका टी४ हे दोघं ३५ सेंटिमीटरपर्यंत येतात. टेबलापलीकडच्या माणसाचा फोटो यातल्या कुठल्याही कॅमेऱ्याने निघेल. टेबलावरच्या ताटाचा मात्र एल३५एएफने नाही निघणार. शिवाय तुम्ही बघता व्ह्यूफाइंडरच्या खिडकीतून आणि फोटो येतो लेन्समधून. दोन्हींत थोडं अंतर असतं, त्यामुळे जवळचा फोटो काढताना चौकट सरकते. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या आतल्या बारीक खुणा त्यासाठीच असतात, फोटोतलं महत्त्वाचं सगळं त्यांच्या आत ठेवायचं.

आता लेन्स. झूम की एकाच लांबीची? लोकांची इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडं आकड्यांत जाऊ. लेन्सच्या पुढे एफ/२.८ किंवा एफ/११ असं लिहिलेलं असतं. हा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि आत येणारा प्रकाश जास्त. कॉम्पॅक्ट झूममध्ये लेन्स लांब गेली की हे भोक आक्रसत जातं, कारण एवढ्याशा नळीत मोठी काच बसवायला जागाच नसते. ३८ ते १४० मिलिमीटरचा झूम असेल तर रुंद टोकाला (जास्त दृश्य मावतं तिथे) एफ/४ आणि लांब टोकाला (दूरचं जवळ दिसतं तिथे) एफ/११ असा प्रकार असतो. एफ/२.८ च्या मानाने एफ/११ वर प्रकाश सोळा पटींनी कमी येतो.

समजा सावलीत संध्याकाळचा प्रकाश आहे आणि एफ/२.८ च्या लेन्सला शटर सेकंदाच्या १/६० भागापुरतं उघडावं लागतंय. हातात धरून असा फोटो व्यवस्थित येतो. त्याच प्रकाशात एफ/११ ला शटर पाव सेकंद उघडं ठेवावं लागेल. आणि १४० मिलिमीटरवर हात हलल्याचं दिसू नये म्हणून वेग हवा साधारण १/१२५ च्या वर. पाव सेकंद कुठे आणि १/१२५ कुठे! म्हणूनच झूम कॅमेऱ्याच्या लांब टोकाला काढलेले इतके फोटो हललेले येतात, आणि खापर लेन्सवर फुटतं.

फ्लॅशने हे सुटेल असं वाटतं, पण तिथेही हाच हिशेब आडवा येतो. फ्लॅशच्या ताकदीला गाइड नंबर म्हणतात आणि त्याला एफच्या आकड्याने भागलं की फ्लॅश किती मीटरपर्यंत पोचेल ते निघतं. गाइड नंबर १२ धरला तर १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा) रोलवर एफ/२.८ ला चार मीटरच्या थोडं पुढे, आणि एफ/११ ला जेमतेम एक मीटर. ४०० चा रोल घातला की पल्ला दुप्पट होतो, तरी लांब टोकाला दोन मीटरच. स्टेजवरच्या गायकाला मागच्या रांगेतून झूम करून फ्लॅश मारला, तर उजळून निघतात ती पुढच्या खुर्चीवरची डोकी.

झूम कॅमेरे टाकाऊ आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. लखलखीत उन्हात ४०० चा रोल घालून ते छान काम देतात, मुबलक मिळतात, आणि नावाजलेल्या मॉडेलांच्या मानाने कुणी त्यांच्यामागे धावत नसल्यामुळे स्वस्त असतात. हौस आहे की नाही हे आधी तपासायचं असेल तर असा एखादा घ्या आणि रुंद टोकालाच वापरा. पण घरातले, संध्याकाळचे, चालता चालता दिसलेल्या रस्त्यावरचे फोटो हवे असतील, तर ३५ मिलिमीटरच्या आसपासची एकच लांबी आणि एफ/२.८ किंवा एफ/३.५ एवढी उघडणारी लेन्स हीच निवड योग्य.

याच्या उलट्या टोकाला असतात ते फिक्स्ड फोकसचे, प्लॅस्टिकचे साधे कॅमेरे. त्यांत फोकस करणारं काहीच नसतं. भोक इतकं लहान ठेवलेलं असतं की साधारण एक मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. शटरचा वेगही एकच. आज नवा मिळणारा कोडॅक एम३५ घ्या: एफ/१० आणि १/१२० सेकंद, बस्स. उघड्या सावलीत ४०० चा रोल असेल तर हा हिशेब जवळपास बरोबर बसतो. कडक उन्हात फिल्मवर गरजेपेक्षा बराच जास्त प्रकाश पडतो, पण रंगीत निगेटिव्ह जादा प्रकाश मोठ्या मनाने पोटात घालते, म्हणून फोटो निघतात. घरात दिव्याच्या उजेडात मात्र प्रकाश कित्येक पट कमी पडतो आणि फ्लॅशशिवाय हातात काही येत नाही. सहलीसाठी, मुलांच्या हातात द्यायला किंवा समुद्राच्या वाळूत बिनधास्त न्यायला हे कॅमेरे चांगले. त्यांच्याकडून संध्याकाळचे फोटो मागू नका.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा फ्लॅशचा आहे. प्रकाश जरा कमी झाला की ऑटोमॅटिक कॅमेरा फ्लॅश मारतो. खिडकीतून चेहऱ्यावर आलेला मऊ उजेड, ज्यासाठी तुम्ही कॅमेरा उचललात, तो एका झटक्यात सपाट पांढरा होऊन जातो. फ्लॅश बंद करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. प्रश्न असा, की केलेली निवड कॅमेरा लक्षात ठेवतो का? ऑलिंपस म्यू-२ एरवी फार गोड कॅमेरा. वजन जेमतेम १३५ ग्रॅम, सरकतं झाकण, लेन्स उत्तम. पण झाकण बंद केलं की फ्लॅश पुन्हा ऑटोवर जातो. दर वेळी झाकण उघडायचं आणि बटण टकटक दाबत फ्लॅश बंद करायचा, मग फोटो. तेवढ्यात समोरचं हसू गेलेलं असतं. रिको जीआर१ मध्ये फ्लॅशचा सरकता खटका वरच असतो, जिथे ठेवाल तिथेच राहतो. ऑलिंपस एक्सए मध्ये फ्लॅश म्हणजे कडेला जोडायचा वेगळा तुकडा, काढून घरी ठेवला की प्रश्न मिटला. निकॉन एल३५एएफ मध्ये बंद करायचं बटणच नाही. फ्लॅश डाव्या बाजूने वर उसळतो. तो वर यायच्या आत बोटाने दाबून धरायचा, की मुकाट आत बसतो आणि फोटो आहे त्या उजेडात निघतो. सवय झाली की हे फार सोपं आणि हातासरशी होतं.

फ्लॅश जबरदस्तीने लावता येतो का, तेही बघा. भर दुपारी टोपीखालचा चेहरा काळा पडतो, तिथे थोडा फ्लॅश फार उपयोगी असतो.

रोलचा वेग ओळखण्याचं काम डबीवरच्या डीएक्स चौकोनांचं. डबी हातात घेऊन बघा: चंदेरी आणि काळ्या चौकोनांच्या दोन ओळी, प्रत्येकीत सहा. चंदेरी चौकोनातून वीज जाते, काळ्यातून जात नाही. कॅमेऱ्यात डबीच्या खोबणीत ज्या छोट्या सोनेरी पिना दिसतात त्या हे चौकोन चाचपून वेग वाचतात. तिथेच कॅमेऱ्याची कुवतही कळते. एकदोनच पिना असतील तर त्याला जेमतेम १०० आणि ४०० यांतला फरक समजतो, जास्त पिना असतील तर मधले आणि वरचे वेगही. कोड नसलेली डबी बहुतेक कॅमेरे १०० ची समजतात. कोड नसलेल्या डबीत भरलेली ४०० ची निगेटिव्ह अशा कॅमेऱ्यात घातली तर तिला चौपट प्रकाश मिळेल. बरेचदा निभावून जातं. स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं) मात्र एवढी चूक चालत नाही.

गाजलेल्या नावांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. कॉन्टॅक्स टी२, त्यानंतरचा टी३, मिनोल्टा टीसी-१, निकॉन ३५टीआय हे १९९० पासूनच्या काळातले खास बनवलेले कॅमेरे आहेत. टायटॅनियमची अंगं, अव्वल दर्जाच्या लेन्स, आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, स्वतः ठरवण्याची मुभा, जी साध्या कॉम्पॅक्टमध्ये मिळत नाही. ते सुंदर आहेत यात वाद नाही. पण टायटॅनियमच्या आत जी लवचीक पट्टीसारखी वायर दर उघडझापीला वाकते, ती इतर कॅमेऱ्यांएवढीच म्हातारी आहे. ती तुटली किंवा आतली चिप गेली की सुटे भाग कंपनीकडून येत नाहीत, दुसरा मेलेला कॅमेरा फोडूनच काढावे लागतात. छोट्या प्रिंटवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर टी२ चा फोटो आणि चांगल्या स्थितीतल्या साध्या ३५ मिलिमीटर कॉम्पॅक्टचा फोटो शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. त्यामुळे पहिला कॅमेरा म्हणून मी त्यांचं नाव कुणालाही सुचवत नाही.

कॅमेरा बंद पडण्याची धास्तीच नको असेल तर दोन वाटा आहेत. एक ट्रिप ३५ सारख्या यांत्रिक कॅमेऱ्याची. त्याला सेल लागतच नाही, लेन्सभोवतीची मण्यामण्यांची सेलेनियमची कडी उजेडावरच चालते. अंतर चार चित्रांतून निवडायचं, जवळच्या एका माणसापासून लांबच्या डोंगरापर्यंत. त्याची परीक्षाही सोपी: कडं ‘ए’वर ठेवा, लेन्सवर तळवा धरा आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये तळातून लाल पट्टी वर यायला हवी आणि शटर अडायला हवं. मग उजेडाकडे तोंड करून दाबा, आता पट्टी न येता शटर पडायला हवं. दोन्ही झालं तर कडी जिवंत आहे. दुसरी वाट नव्याची. २०२४ मध्ये पेंटॅक्सने १७ नावाचा कॅमेरा आणला. फ्रेम अर्ध्या आकाराची, १७ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो. फोकस इथेही चित्रांवरून लावायचा आणि रोल अंगठ्याने ओढायचा. निगेटिव्ह लहान, म्हणून मोठ्या प्रिंटमध्ये दाणे जास्त दिसतात, पण बदल्यात कोरा करकरीत कॅमेरा मिळतो.

बाकी सगळ्यांसाठी हातातला तो एक नग कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं. तपासायला जाताना ताजा सेल आणि छोटी टॉर्च जवळ ठेवा. म्यू-२ आणि याशिका टी४ ला सीआर१२३ए लागतो, काहींना सीआर२, काहींना साधे पेन्सिल सेल. मरतुकडा सेल घातला की चांगला कॅमेराही मेल्यासारखा वागतो. मात्र सीआर१२३ए च्या मापाचे रिचार्ज होणारे काही सेल ३ ऐवजी ४ व्होल्टपर्यंत जातात, ते घालू नका, आतलं सर्किट जळू शकतं. सेलचं झाकण उघडलं की आधी स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड आहे का ते बघा. थोडी असेल तर साफ होते. आतपर्यंत उतरली असेल तर सोडून द्या.

लेन्सवर टॉर्च तिरकी मारा. चार धुळीचे कण फोटोत दिसत नाहीत, त्यांची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि दुधाळ पडदा दिसला तर उन्हाकडे तोंड असलेले सगळे फोटो धुरकट येणार. मागचं दार उघडा. कडेच्या खाचांतला काळा स्पंज बोटाला चिकट लागला तर तो बदलावा लागेल. हे काम घरीही होतं, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. दाराची खिटी मात्र नीट बसतेय ना, ते दोनतीनदा करून पाहा, ती तुटलेली असेल तर उजेड आत शिरणारच. मग चालू करून झूम आतबाहेर करा, फ्लॅश मारा, तो पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते बघा. आणि काहीही झालं तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो टिकून राहतो.

लांबून मागवत असाल तर विकणाऱ्याकडून चालू होताना, फ्लॅश मारताना आणि बंद होतानाचा व्हिडिओ मागा. ‘तपासलेला नाही’ असं लिहिलेला कॅमेरा बंद आहे असं समजूनच त्याची किंमत ठरवा.

घरी आला की पहिला रोल परीक्षेचाच. २०० किंवा ४०० ची रंगीत निगेटिव्ह घाला आणि महत्त्वाच्या प्रसंगाला नेऊ नका. एक फोटो अगदी जवळच्या मर्यादेवर, एक खोलीभर अंतरावरून, एक दूरच्या इमारतीचा, दोन माणसं शेजारी ठेवून एक बटण अर्धं दाबून आणि एक तसाच, फ्लॅश लावून आणि बंद करून. कुठला फोटो कसा काढला ते लिहून ठेवा. अधूनमधून कॅमेरा उन्हात दोन मिनिटं ठेवून मग पुढचा फोटो घ्या, उजेड शिरत असेल तर तिथे दिसेल.

रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हव्यात असं सांगा, निदान त्यांच्यावरच होतं. फोटोत केशरी-लाल दिसणारा डाग निगेटिव्हवर फ्रेमच्या बाहेर, भोकांच्या पट्टीपर्यंत पसरलेला असेल तर उजेड मागच्या दारातून येतोय आणि स्पंज बदलून काम होईल. डाग फ्रेमच्या चौकटीतच संपत असेल तर दोष पुढच्या बाजूला आहे, तो घरी दुरुस्त होणारा नाही. फ्रेम एकमेकींवर चढल्या असतील तर रोल ओढणारी यंत्रणा थकली आहे. जवळचे फोटो स्वच्छ आणि लांबचे सगळे मऊ, किंवा त्याच्या उलट, असं असेल तर फोकसच ढळलाय. या शेवटच्या तीनपैकी एखादं दिसलं तर परतीची मुदत संपायच्या आत कॅमेरा परत पाठवा.